जेवायला बसलं की तोंड मिटणारं मूल: भरवणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

आमची बाय वीस महिन्यांची असताना तिचं दुपारचं जेवण सव्वा तास चालायचं. पहिला घास घरात, तिसरा तुळशीपाशी, मग शेजाऱ्यांचा कुत्रा, मग रस्त्यावरची बस, आणि शेवटी पायरीवर बसून मोबाईल. एवढं करून पोटात जायचं अर्धी वाटी शीत-वरण (शीत म्हणजे भात). उरलेलं माझ्या शर्टावर. बायको पणजीला नोकरीला, डिचोलीहून सकाळी लवकरची बस धरते. त्यामुळे भरवण्याचं खातं माझ्याकडे आणि माझ्या आईकडे. संध्याकाळी ती दारात चपला काढता काढताच विचारायची, "जेवली का?" आणि मी चोरी पकडल्यासारखा वाटी पुढे करायचो.

आता बाय साडेतीन वर्षांची आहे. सगळं खाते असं मुळीच नाही, भेंडी दिसली की आजही नाक मुरडते. पण पाटावर बसते, आपल्या हाताने जेवते आणि वीस-पंचवीस मिनिटांत उठते. मधल्या काळात जे लागू पडलं ते इथे क्रमाने लिहितो. क्रम मोडू नका. मी थेट पाचव्या पायरीवर उडी मारली होती, रंगीत ताटल्या आणि पोळीचे ससे करत बसलो, आणि चार महिने फुकट घालवले.

सुरुवातीआधी जवळ काय हवं

- माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाचं तेच कार्ड. आत वजनाचा तक्ता असतो.
- एक वही.
- मिलीलिटरच्या खुणा असलेलं माप.
- पाट, किंवा पाय जमिनीला टेकतील अशी छोटी खुर्ची. मोठ्यांच्या टेबलाशी पाय लोंबकळत बसलेलं मूल पाच मिनिटांत वळवळायला लागतं.
- लहान वाटी, छोटा चमचा, खाली पसरायला जुनं वर्तमानपत्र.
- घरातल्या सगळ्या मोठ्यांची एकी. यादीतली सगळ्यात दुर्मीळ वस्तू हीच, तिच्यावर पुढे लिहिलं आहे.

१. आधी वजन बघा

"काहीच खात नाही" हे आपण ताटाकडे बघून म्हणतो. उत्तर मात्र काट्यावर असतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. नाही तर आरोग्य केंद्रात करून घ्या आणि कार्डावरच्या तक्त्यात खूण करा. हिरव्या पट्ट्यात खुणा वरवर सरकत असतील तर मूल त्याच्या गरजेपुरतं खात आहे. पिवळ्यात किंवा नारिंगीत गेली असेल, किंवा दोन-तीन महिने रेघ आडवीच चालली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

एक हिशेब मला कुणी आधी सांगितला असता तर निम्मी भांडणं टळली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यावरची मुलगी जन्मताना ३.२ किलो, वर्षाची होताना ८.९ किलो आणि दोन वर्षांची होताना ११.५ किलो असते. म्हणजे पहिल्या वर्षी पावणेसहा किलो वाढ, दुसऱ्या वर्षी जेमतेम अडीच. वाढ निम्म्यावर येते, तशी भूकही येते. मूल वर्षाचं झाल्यावर "पूर्वी कसं छान खायचं!" असं घरोघरी ऐकू येतं, त्याचं मोठं कारण हे आहे. शिवाय साधारण दोन वर्षांपासून अनोळखी पदार्थाला बिचकण्याचा काळ सुरू होतो आणि तो पाच-सहा वर्षांपर्यंत चालू शकतो. कालपर्यंत खाल्लेला दुधी आज का नको, याला दर वेळी कारण असतंच असं नाही.

२. तीन दिवस सगळं लिहून काढा

फक्त तीन दिवस. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसकट. शेजारच्या काकींनी दिलेलं बिस्किट, देवळातला प्रसाद, दुकानदाराने हातावर ठेवलेली गोळी, सगळं.

आमच्या वहीतला एक दिवस असा होता. साडेसहाला दूध. साडेआठला दोन बिस्किटं. साडेनऊला अर्धी वाटी उपमा. साडेदहाला पेज, दोन चमचे. साडेअकराला रडली म्हणून दूध. साडेबाराला जेवण, सव्वा तास. तीनला दूध. पाचला पाव. सहाला बाबांबरोबर केळं (बाबा म्हणजे माझे वडील, त्यांची साक्ष नंतर मिळाली). आठला जेवण, रडारड. नऊला "उपाशी कशी झोपणार" म्हणून दूध.

बेरीज केली तेव्हा दूधच आठशे मिलीच्या घरात गेलं. तिला भूक लागायला आम्ही सवडच ठेवली नव्हती. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका पानातून निघाल्या.

३. दूध मोजा

एक वर्ष झाल्यावर दिवसाला चारशे ते पाचशे मिली दूध पुरतं. त्याहून जास्त झालं की पोट भरलेलं राहतं, शौचाला खडा होतो, आणि खडा झालेलं मूल जेवत नाही. त्याहून वाईट म्हणजे गाईच्या दुधात लोह जवळपास नसतं. दुधावर वाढणारं मूल गुबगुबीत दिसतं आणि आतून रक्त कमी असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आणि लोह कमी झालं की भूकही मंदावते, म्हणजे चक्र पुरं होतं.

दूध एका दिवसात तोडू नका. आम्ही आधी साडेअकराचं बंद केलं, चार दिवसांनी तीनचं. रात्री नऊचं सगळ्यात अवघड गेलं. ते बाटलीऐवजी पेल्यातून द्यायला लागलो, तेव्हा ते आपोआप शंभर मिलीवर आलं. पेल्यात तेवढी मजा नसते. बाटली वर्षा-दीड वर्षापर्यंत सुटलेली बरी. अंगावर पीत असेल तर पाजायला हरकत नाही, फक्त जेवणाच्या तोंडावर नको.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी हा मोठा सापळा आहे. डब्यावर उंच उडी मारणारं मूल असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर असते. ती मागची बाजू वाचा.

४. घड्याळ लावा

तीन जेवणं आणि दोन मधली खाणी. दोहोंच्या मध्ये अडीच-तीन तास (दुपारी थोडं जास्त) फक्त पाणी. आमचं वेळापत्रक: आठला नाश्ता, साडेदहाला पेज किंवा फळ, एकला जेवण, साडेचारला खाणं, साडेसातला जेवण. पेज कुणी जुनाट म्हणून सोडली असेल तर परत आणा. उकड्या तांदळाची मऊ पेज, वर चमचाभर तूप, बाजूला मुगाची उसळ. साडेदहाचं याहून सोपं खाणं मला माहीत नाही. फक्त आंब्याचं खारं मुलाच्या वाटीत नको, त्यात मीठ फार.

आता पोदेराबद्दल, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याबद्दल. संध्याकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की बाय गेटकडे धावायची आणि आई तिच्या हातात गरम पाव द्यायची. तो तोडत तोडत सात वाजेपर्यंत फिरायची. मी आठवडाभर हॉर्न वाजला की तिला मागच्या परसात न्यायचो. पोरीने दोन दिवसांत ओळखलं आणि परसातूनच बोंब मारली. मग उलट केलं. साडेचारचं खाणं पाचवर सरकवलं आणि पाव हाच त्या वेळेचा खाऊ ठरवला: अर्धी पोई (गव्हाच्या कोंड्याचा पाव), आत उकडलेलं अंडं कुस्करून किंवा अळसांद्याचं तोणाक (चवळीची रस्साभाजी), तिखट कमी. पाटावर बसून. संपलं की पुढचं साडेसातला. पाव कोरडा हातात घेऊन फिरण्यात आणि ताटात बसून खाण्यात फरक किती पडतो ते रात्रीच्या जेवणाला दिसलं.

चहात बुडवून पाव देऊ नका. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. "घोटभर तर" असं म्हणणाऱ्या प्रत्येक आजीला हे गोडीत सांगावं लागतं. मी तीनदा सांगितलं.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. एकला नीट जेवलं नाही की दोनला बिस्किट मागतं. तेव्हा हात आवरा. निरोगी मूल पाचपर्यंत थांबल्याने काही होत नाही. आजारी असेल, जुलाब-ताप असेल, तर मात्र हे घड्याळ लागू नाही; तेव्हा मागेल तेव्हा थोडं थोडं द्या.

५. ताटात कमी वाढा

मुलाचं जितकं वय तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे शीत, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. बस. हवं तर परत वाढा; परत मागणं ही त्याची जीत असते. आपण मोठ्यांच्या अंदाजाने डोंगर वाढतो, मूल तो बघूनच मान फिरवतं आणि आपण हिशेब करतो की निम्मं टाकलं.

ताटात एक तरी पदार्थ असा हवा जो ते नक्की खातं. आमच्याकडे ते साधं शीत आणि तूप. बाकी घरात जे शिजलं आहे ते, तिखट घालण्याआधी काढून ठेवलेलं. "हे नको, तर मॅगी करू का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. वेगळा स्वयंपाक एकदा सुरू झाला की मूल त्याचीच वाट बघतं.

आणखी एक सापळा लाचेचा. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असं पोर आयुष्यभरासाठी शिकतं. गोड द्यायचंच असेल तर ताटातच वाढा. चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही नेवरी (करंजी) भाताशेजारी ठेवली. आधी नेवरी गेली, मग वरण-शीतही गेलं. आई दोन दिवस हसत होती.

६. तोंड मिटलं की थांबा

कधी, कुठे आणि काय हे आपण ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं आहे. करताना हात शिवशिवतात.

मान फिरवली, चमचा ढकलला, घास गालात धरून ठेवला, की जेवण संपलं. एकदाच विचारा, "पुरे?" आणि ताट उचला. रागाने नाही, धुणंभांडी करायला जाताना उचलतो तसं. पंचवीस-तीस मिनिटांच्या पुढे कुठलंही जेवण नको. नाक दाबून, हात धरून, झोपेत भरवणं तर कधीच नको. ठसका लागून घास श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि मुलाला पाटाचीच भीती बसते ती वेगळी.

मोबाईल बंद. मीही लावायचो, म्हणून वरून उपदेश करत नाही. स्क्रीनपुढे तोंड उघडतं हे खरं, पण ते मूल जेवत नसतं, आपण भरत असतो. पोट भरल्याचं त्याला कळत नाही आणि चवही लक्षात राहत नाही. आम्ही एका सोमवारी बंद केला. सोमवार, मंगळवार ती जवळजवळ काही जेवली नाही. बुधवारी दुपारी तिने स्वतः वरणात हात घातला, कोपरापर्यंत. त्या दिवशी पुसायला दोन फडकी लागली आणि मी बायकोला ऑफिसात फोन केला.

हात घालू द्या, सांडू द्या. वर्तमानपत्र त्यासाठीच आहे.

७. नवा पदार्थ: दहा-पंधरा वेळा, न बोलता

दोनदा नाकारलं की आपण "तिला आवडत नाही" असं जाहीर करतो, तेही तिच्यासमोर. बऱ्याच मुलांना नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे खाणं नव्हे. बघणं, हुंगणं, बोटाने दाबणं, तोंडात घालून बाहेर काढणं, हे सगळं मोजायचं.

आमची तांबड्या भाजीची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा ताटातली पानं तिने एकेक उचलून जमिनीवर ठेवली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा भाजीचं पाणी ओघळून शिताला लागलं आणि शीत गुलाबी झालं. तिने ते बोटाने पसरलं, सगळं शीत गुलाबी केलं आणि खाल्लं. पानं पुन्हा जमिनीवर. त्यानंतर पाच वेळा आम्ही मुद्दाम फक्त पाणी घातलेलं "गुलाबी शीत" वाढलं आणि भाजीचा एक चमचा नुसता बाजूला ठेवला. तोंडातून अवाक्षर नाही. नवव्या वेळी एक पान गेलं. आता खाते, देठ सोडून. देठाची शीर चावताना तिच्या दाढांत अडकते, म्हणून भाजी निवडतानाच कोवळी पानं तिच्यासाठी वेगळी करतो. वर थोडं लिंबू पिळतो, आंबटामुळे पालेभाजीतलं लोह जास्त लागू पडतं.

"वा! शाब्बास! खाल्लं बघा!" अशा टाळ्याही टाळा. टाळ्या वाजल्या की मूल आपल्याकडे बघतं आणि घास विसरतं.

बाजारात बरोबर न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायने स्वतः निवडलेलं तवसं (काकडी) घरी येईपर्यंत अर्धं चावून झालं होतं, न धुता. (आमची चूक. तुम्ही धुवा.)

८. मासे, काटे आणि घशात अडकणाऱ्या गोष्टी

मासळी लवकर सुरू करा, पण हुमणाच्या (माशाच्या आमटीच्या) तिखटातून नको. तुकडीला हळद, मीठ, सोलाचं आगळ (कोकमाचा रस), वरून रवा आणि तव्यावर कमी तेलात. सुरुवातीला मुडदुशी किंवा लेपो. मांस मऊ, काटा सहज सुटतो. बांगडा असेल तर शिजल्यावर पाठीच्या रेषेवर उघडायचा, मधला कणा शेपटीकडून धरून सबंध उचलायचा, पोटाकडचा भाग मोठ्यांच्या ताटात टाकायचा आणि राहिलेलं मांस दोन बोटांत चिमटीत घेऊन चुरत तपासायचं. चमच्याने तपासू नका, बारीक काटा बोटालाच लागतो. तारल्यात काटे फार, घाई असेल त्या दिवशी नकोच. सुंगटं (कोळंबी) पहिल्यांदा देताना एकच, बारीक करून, दिवसाउजेडी द्या. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर लगेच दवाखाना गाठता येतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात पोकळी पडते आणि "मासे नाहीत तर जेवणार नाही" असं होतं. आधीपासूनच सोमवारच्या शिवराक (शाकाहारी) जेवणाला मुगागाठी (मोडाच्या मुगाचा रस्सा), अळसांदे, अंडं (तुमच्याकडे चालत असेल त्या वारी) यांची सवय लावली तर जून जड जात नाही.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे काजू, शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे, कडक गोळ्या देऊ नका. गोव्यात पाहुण्यांपुढे काजूची बशी येतेच आणि मूल मूठ भरतंच, तेव्हा बशीवर डोळा ठेवा. काजू कुटून पेजेत किंवा नाचण्याच्या तिजानात (लापशीत) घाला. खाताना धावणं नको.

९. घरातली मोठी माणसं

वेळापत्रक मोडतं ते मुलामुळे क्वचितच. आईने मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुला मी मागे धावून धावून भरवलं, म्हणून एवढा झालास." यावर वाद घालून काही होत नाही. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आई, आठ दिवस मी सांगतो तसं, मग तू सांगशील तसं." पाचव्या दिवशी बायने शीत परत मागितलं आणि आईनेच ते वाढलं. तेव्हापासून मधलं बिस्किट मागायला कुणी आलं की आईच "आता नाही गो, पाचला" म्हणते. बाबा अजून चोरून केळं देतात. ते मी पाचच्या खाण्यात धरतो.

"किती वाळली पोर!" म्हणणाऱ्यांना वजनाचा आकडा सांगा आणि विषय बदला. मुलासमोर "ही ना, काहीच खात नाही" असं पाहुण्यांना सांगू नका. ते सगळं ऐकतं.

सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं हे मला वाटतं घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. अंगणवाडीत बाय घरी न खाणारी उसळ इतर मुलांबरोबर खाऊन यायची, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तिला आधी भरवून मोकळे व्हायचो, ते सोडलं.

१०. डॉक्टरांना कधी दाखवायचं

वजन अडलं किंवा घटलं, घास गिळताना दर वेळी ठसका, उलटी, पातळ सोडून काहीच घेत नाही, चार-पाचच पदार्थ खातं आणि त्यातलेही कमी होत चाललेत, ओठ-पापण्या फिकट, माती किंवा भिंतीचा चुना खातं, पोट सतत घट्ट. यातलं एकही असेल तर थांबू नका. जाताना कार्ड आणि तीन दिवसांची वही न्या. माझं ते पान बघून डॉक्टरांनी दुसरा प्रश्न न विचारता रक्त तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं, थेंब सुरू झाले, दीड-दोन महिन्यांत भूक बदलली.

जंताच्या गोळीची चुकवाचुकवी नको. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिवस. अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी कुटून देतात, पुढे पूर्ण.

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने भूक वाढवायचं टॉनिक आणू नका. मला एका दुकानात चिठ्ठी न विचारता बाटली दिली होती. तिच्यावर सिप्रोहेप्टाडिन लिहिलं होतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध, त्याने गुंगी येते. दोन दिवस बाय दुपारभर पेंगत होती आणि आम्ही समजत होतो, पोट भरलं म्हणून झोपली.

आणि हो, ताप, दात, चवथ, मामाकडचे आठ दिवस, यातल्या कशानेही घडी विस्कटते. विस्कटली की पहिल्यापासून सगळं करायची गरज नाही. दूध मोजा, घड्याळ लावा, तिसऱ्या पायरीवरून पुढे चला. आमचं यंदा पाचव्यांदा झालं, चार दिवस लागले.